स्ट्रोब की एलईडी? आधी समोरचं किती हलतं ते पाहा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घरातल्या एका खोलीत छोटा स्टुडिओ करायचा आहे. फोटो मुख्यतः माणसांचे, त्यात लहान मुलंही, अधूनमधून वस्तूंचे, आणि जमलं तर थोडे व्हिडिओ. मिररलेस कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स हाताशी आहे. एलईडीच्या उजेडात जे दिसतं तेच फोटोत येतं, मग स्ट्रोबच्या, म्हणजे क्षणभर चमकणाऱ्या स्टुडिओ फ्लॅशच्या, वाटेला जायचं कशाला, हा तुमचा मुख्य मुद्दा. शेवटी विचारलंय की ओळखीतून एक जुना स्ट्रोब मिळतोय, तो घ्यावा का.

मी अठरा वर्षं स्टुडिओत काम करते आहे. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे दिवे आहेत आणि दोन्ही लागतात. तुमच्या कामांची यादी वाचताना माझी नजर अडली ती 'लहान मुलं' या शब्दांवर. दिवा कोणता चांगला हे ठरवायच्या आधी, शटर उघडं असेल तेवढ्या वेळात समोरचं माणूस किंवा वस्तू किती हलणार आहे, ते बघावं लागतं. बाकीचे बहुतेक मुद्दे त्यातूनच सुटत जातात. उरलेले तुमच्या खोलीवर अवलंबून आहेत: खिडक्या किती, छत आणि भिंती कोणत्या रंगाच्या, मागे सरकायला जागा किती. ते मला इथून दिसत नाही, म्हणून जिथे उत्तर बदलू शकतं तिथे तसं सांगेन.

आधी थोडं गणित करू, कारण एलईडी आणि स्ट्रोबच्या खोक्यावरचे आकडे शेजारीशेजारी ठेवले की मोठा गैरसमज होतो. एलईडीवर २०० वॉट लिहिलेलं असतं, स्ट्रोबवर ३०० वॉट-सेकंद. दिसायला आकडे जवळचे वाटतात. पण वॉट म्हणजे दर सेकंदाला लागणारी ऊर्जा, आणि वॉट-सेकंद म्हणजे एका झटक्यात मोकळी होणारी सगळी ऊर्जा. तुम्ही शटर १/१२५ सेकंद ठेवून फोटो काढलात, तर २०० वॉटच्या दिव्याची त्या फोटोच्या वाट्याला येणारी ऊर्जा २०० भागिले १२५, म्हणजे १.६ वॉट-सेकंद. स्ट्रोब मात्र आपले ३०० च्या ३०० त्याच फोटोत ओततो. एलईडी विजेचा उजेड करण्यात जास्त तरबेज असतो, साधारण दोन-तीन पट, म्हणून ते त्याच्या बाजूने धरू. तरीही फरक साठ ते नव्वद पटींचा उरतो, म्हणजे सुमारे सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). समजा दोन्ही दिव्यांना एकच सॉफ्टबॉक्स (उजेड पसरवणारी कापडी पेटी), तेवढंच अंतर. स्ट्रोबवर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) १०० आणि एफ/११ (लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे तोंड; आकडा लहान तितकं ते मोठं) मिळत असेल, तर एलईडीवर आयएसओ १०० ठेवून एफ/१.४ वर यावं लागेल. किंवा ओढाताण वाटून घ्यायची: आयएसओ ८०० आणि एफ/४.

आता हेही खरं की माणसाचा फोटो काढताना मी स्ट्रोब पूर्ण ताकदीवर क्वचितच चालवते. एका चेहऱ्यासाठी एफ/४ पुरत असेल, तर तोच स्ट्रोब १/८ ताकदीवर येतो. म्हणजे प्रत्यक्षात तुमच्यासमोरची निवड 'आयएसओ १०० की ८००' एवढीच उरते, आणि आजच्या कॅमेऱ्यांना आयएसओ ८०० चं काही वाटत नाही. एलईडीवाले इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, फरक संपला. शांत बसलेल्या मोठ्या माणसाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर आहे. एलईडीवर काढलेली माझी कितीतरी व्यक्तिचित्रं आहेत, आणि ती मी अभिमानाने दाखवते.

पण आयएसओ ८०० वरही शटर १/१२५ च राहिलं ना? खरी अडचण तिथे आहे. काही वर्षांपूर्वी एका नर्तकीचे फोटो मी हट्टाने एलईडी पॅनेलवर काढले. तिला डोळ्यांवर चमकणारा फ्लॅश नको होता आणि मलाही वातावरण मऊ ठेवायचं होतं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. रात्री मोठ्या मॉनिटरवर पाहिलं तेव्हा चेहरा बराचसा स्पष्ट, पण बोटं, केसांच्या बटा आणि ओढणीची कड पुसल्यासारखी. दीडशे फोटोंतले कामाचे निघाले जेमतेम दहा. शटर १/१०० होतं. १/५०० हवं होतं, आणि त्यासाठी लागणारा उजेड माझ्याकडे नव्हता. तिला दुसऱ्यांदा बोलवावं लागलं. चार वर्षांचं मूल त्या नर्तकीपेक्षा कमी हलत नाही, उलट कधी हलेल ते आधी कळतही नाही.

स्ट्रोबवर हेच काम सोपं का होतं, ते नीट समजून घ्या. अंधाऱ्या खोलीत शटर किती वेळ उघडं आहे याला फारसा अर्थ राहत नाही. फोटो घडतो तो फ्लॅश पेटलेला असतो तेवढ्याच वेळात. अमेरिकेतल्या एमआयटीतले अभियंते हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात याच तत्त्वावर काम उभं केलं. दुधाचा थेंब पडून उठलेला मुकुट त्यांनी १९५७ साली टिपला, तो फ्लॅशच्या इवल्याशा कालावधीमुळे. आपल्या खोलीतला स्ट्रोब इतका वेगवान नसतो, पण तत्त्व तेच.

इथे एक बारकावा आहे आणि तो विकत घेताना कोणी सांगत नाही. स्ट्रोबच्या माहितीपत्रकात फ्लॅशचा कालावधी बहुधा 'टी ०.५' या मापाने देतात: उजेड शिखराच्या निम्म्याहून जास्त असतो तेवढाच काळ. पण त्यानंतरही उजेडाची शेपटी रेंगाळत असते आणि हलणाऱ्या टोकांचा धूसरपणा तिच्यामुळे येतो. म्हणून 'टी ०.१' पाहा, म्हणजे उजेड शिखराच्या दहाव्या भागाहून जास्त असतो तो सगळा काळ. जुन्या धाटणीच्या स्ट्रोबमध्ये तो साधारण तिप्पट लांब असतो. माहितीपत्रकावर १/९०० लिहिलं असेल, तर हालचाल थांबवायच्या हिशोबाने तो १/३०० धरा. शिवाय अशा बऱ्याच स्ट्रोबमध्ये ताकद कमी केली की कालावधी आणखी लांबतो. ज्यांत आयजीबीटी नावाचा स्विच असतो, ते उलट वागतात: ते शेपटी मधेच छाटतात, त्यामुळे ताकद जितकी कमी तितका फ्लॅश छोटा. कॅमेऱ्यावर बसणारे छोटे फ्लॅश याच जातीचे, आणि कमी ताकदीवर ते १/१०,००० च्याही खाली जातात. त्याची किंमत म्हणून रंग किंचित निळसर होतो. उड्या मारणाऱ्या मुलांसाठी मी आयजीबीटी असलेलाच स्ट्रोब घेईन आणि तो अर्ध्याच्या खाली चालवेन.

आता खोलीबद्दल. स्ट्रोब घेतल्यावर पहिल्या दिवशी एक गोष्ट करा. आयएसओ १००, १/१६०, एफ/८ लावा, स्ट्रोब बंद ठेवा आणि एक फोटो काढा. खोलीतली ट्यूब चालू असली, पडदा अर्धा उघडा असला, तरी बहुतेक घरांत फोटो काळा किंवा काळ्याच्या जवळ येतो. याचा अर्थ यानंतर फोटोत जे दिसेल ते फक्त तुमच्या दिव्याचं. एलईडीवर ही चैन नाही. तिथे शटर आणि ॲपर्चर मुळातच जास्त उजेड आत घेणारे असतात, त्यामुळे ट्यूबचा हिरवट रंग सावल्यांत शिरतो, खिडकीचा निळसर उजेड एका गालावर पडतो, आणि दुपारची संध्याकाळ होताना प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. जाड पडदे आणि बाकीचे सगळे दिवे बंद, एवढं करता आलं तर एलईडीवर उत्तम काम होतं. तुमच्या खोलीत ते जमेल का, हे तुम्हीच सांगू शकता. (भिंती रंगीत असतील तर दोन्ही दिव्यांना त्रास सारखाच होतो. पिवळ्या भिंतीवरून परतलेला उजेड पिवळाच असतो.)

स्ट्रोबची एक मर्यादा इथेच सांगते. कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर, बहुधा १/२०० किंवा १/२५० असतो. त्याच्यापेक्षा वेगवान शटर लावलंत तर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो, कारण शटरचा दुसरा पडदा तोपर्यंत निम्म्यावर आलेला असतो. आणि सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटतच नाही. नवीन माणूस यात तासभर अडकतो आणि फ्लॅश पेटवणाऱ्या ट्रिगरला दोष देतो.

'जे दिसतं तेच येतं' या तुमच्या मुद्द्याकडे येते. मुद्दा रास्त आहे आणि मी तो खोडणार नाही. शिकताना दिवा हातभर डावीकडे सरकवला की नाकाची सावली कशी गालावर उतरते, हे डोळ्यांसमोर बघण्याला तोड नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपला डोळा सावलीत लगेच सरावतो आणि तिथलं सगळं बघून घेतो, कॅमेरा तितकं घेत नाही. त्यामुळे एलईडीतही 'दिसतं तेच' पूर्ण खरं ठरत नाही. खरं चित्र कॅमेऱ्याच्या पडद्यावरच कळतं. दुसरं, चांगल्या स्ट्रोबमध्ये मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे सतत जळणारा छोटा दिवा, असतो. तो फ्लॅशच्या नळीजवळच बसवलेला असल्याने सावली कुठे पडणार ते दाखवतो. किती गडद पडणार हे मात्र तो सांगत नाही, त्यासाठी एक चाचणीचा फोटो काढावा लागतो. मिररलेसवर स्ट्रोब वापरताना व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतो, ही तक्रार मी नेहमी ऐकते. कॅमेऱ्याच्या मेन्यूत एक्स्पोजर आधी दाखवण्याची सोय असते, ती बंद करा. मग पडदा उजळ दिसतो आणि फोकसही नीट बसतो.

एक गैरसमज जाताजाता: एलईडी मऊ आणि स्ट्रोब कडक, असं काही नसतं. मऊपणा ठरतो तो माणसाच्या जागेवरून दिवा केवढा मोठा दिसतो त्यावर. ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स हातभर अंतरावर मऊ, तोच तीन मीटरवर बराच कडक. आत काय पेटतंय याचा त्याच्याशी संबंध नाही.

माणसाच्या डोळ्यांचा विचार मात्र करावा लागतो. हालचाल थांबवण्याइतका एलईडी चेहऱ्याजवळ आणला, तर तो सतत डोळ्यांत घुसतो. मोठी माणसं डोळे बारीक करतात, मुलं तोंड फिरवतात. स्ट्रोबची चमक क्षणभराची, आणि दोन-तीन फोटोंनंतर बहुतेकांना तिची सवय होते. उलट बाजूही आहे: मंद खोलीत बाहुल्या मोठ्या होतात आणि फोटोत डोळे काळेभोर दिसतात, तर सततच्या उजेडात बाहुल्या आक्रसतात आणि डोळ्यांचा रंग खुलतो. मला डोळ्यांचा रंग दाखवायचा असेल तेव्हा स्ट्रोबचा मॉडेलिंग लॅम्प मी पूर्ण वाढवते. समोरच्या माणसाला चमकत्या उजेडाचा त्रास होतो का, झटके किंवा अर्धशिशी आहे का, हे मी फोटो सुरू करण्याआधी विचारते. हो म्हटलं, तर त्या दिवशी एलईडीच.

वस्तूंच्या फोटोंत पारडं पूर्ण फिरतं. बाटली हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर, मग शटर दोन सेकंद उघडं राहिलं तरी काय बिघडतं? साधा ६० वॉटचा एलईडीही तिथे पुरतो, आयएसओ १०० आणि एफ/११ वरसुद्धा. काच आणि धातू यांचे फोटो म्हणजे मुळात त्यांच्यात दिसणाऱ्या प्रतिबिंबांचे फोटो. ते प्रतिबिंब बोटभर इकडेतिकडे सरकवायचं काम सततच्या उजेडात किती हलकं होतं, हे केल्याशिवाय कळायचं नाही. घड्याळाच्या काचेवर मी एकेकदा अर्धा तास घालवते, आणि तो एलईडीखालीच. ओतलं जाणारं पाणी किंवा उडणारे थेंब आले की पुन्हा स्ट्रोब.

एलईडी घेताना वॉटपेक्षा रंगाकडे जास्त लक्ष द्या. पांढरा एलईडी म्हणजे बहुधा निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा थर. त्यामुळे त्याच्या उजेडात निळ्याचं टोक उंच आणि गडद लाल कमजोर असू शकतो. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ लिहिलेलं असलं तरी तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, त्यात गडद लाल धरलेलाच नसतो. तो 'आर ९' या नावाने वेगळा देतात. आर ९ दिलेला नसेल किंवा कमी असेल, तर लाल रेशमी कापड विटकरी दिसेल आणि त्वचा निस्तेज. माझ्या पहिल्या स्वस्त पॅनेलने मला हाच धडा दिला. एका ग्राहकाच्या लाल पोशाखाचा रंग मी संगणकावर कितीही खेचला तरी तो परत आला नाही. स्ट्रोबच्या झेनॉन नळीचा उजेड सलग असतो आणि दिवसाच्या उजेडाच्या जवळ, ५५०० केल्विनच्या आसपास, त्यामुळे ही चिंता तिथे फारशी नसते. एलईडीचं दुसरं दुखणं लुकलुकण्याचं. ५० हर्ट्झच्या विजेवर काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, तर काहींचा उजेड मंद केला की ते फार वेगाने चालू-बंद होतात. डोळ्याला कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे पट्टे उमटतात. म्हणून दिवा घेण्याआधी तो १० टक्क्यांवर आणा आणि १/१००० च्या इलेक्ट्रॉनिक शटरने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. पट्टे दिसले तर परत करा.

व्हिडिओसाठी मात्र दुसरा पर्याय नाही, तिथे सतत जळणारा दिवाच हवा. पण २५ फ्रेमच्या व्हिडिओला शटर १/५० चालतं आणि एफ/२.८ ही, त्यामुळे फार मोठा दिवा लागत नाही.

हे सगळं तुमच्या यादीवर ठेवलं तर माझं मत असं. माणसं आणि मुलं हे मुख्य काम असेल, तर पहिला दिवा स्ट्रोब. एकच घ्या, पण त्याच्यासोबत ९० ते १२० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स, दमदार स्टँड, रेडिओ ट्रिगर आणि उजेड परतवायला एक मोठा पांढरा बोर्ड घ्या. छोट्या खोलीला २०० ते ३०० वॉट-सेकंद भरपूर होतात. खरं तर जास्त ताकदीचा स्ट्रोब तिथे गैरसोयीचाच. तुम्हाला एफ/२ वर मागचं धूसर करायचं असेल आणि स्ट्रोब खाली येऊन येऊन १/१६ ताकदीवरच थांबत असेल, तर फोटो पांढराफटक येईल. म्हणून वरच्या आकड्याइतकाच खालचा आकडा पाहा. १/१२८ किंवा १/२५६ पर्यंत उतरणारा हवा. त्यानंतर वस्तू आणि व्हिडिओसाठी ६० ते १०० वॉटचा एक एलईडी, आणि तो 'बोवेन्स' माउंटचा (माउंट म्हणजे सॉफ्टबॉक्स अडकवायची पुढची कडी). ही ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद पडली, पण तिचं माउंट इतकं रुळलंय की अनेक कंपन्यांचे स्ट्रोब आणि एलईडी दोन्ही तेच वापरतात. एकच सॉफ्टबॉक्स दोघांना बसतो.

माझा सल्ला उलटा कधी होईल? तुमच्या कामाचा निम्म्याहून जास्त भाग व्हिडिओ किंवा वस्तूंचा असेल तर. किंवा तुम्ही फक्त मोठ्या माणसांचे चेहरे एफ/२ च्या आसपास टिपणार असाल आणि खोली पूर्ण अंधारी करता येत असेल तर. तेव्हा आधी एलईडी घ्या, स्ट्रोब गरज पडेल तेव्हा.

राहिला जुना स्ट्रोब. चालवून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. तो बराच काळ पडून असेल, तर लगेच पूर्ण ताकदीवर उडवू नका. आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) सुस्तावलेला असतो. सर्वांत कमी ताकदीवर चालू करून अर्धा-एक तास तसाच ठेवा, अधूनमधून फ्लॅश सोडा, मग हळूहळू वर चढवा. चालू असताना जळका वास किंवा तडतड जाणवली तर तिथेच बंद करा. तो स्वतः उघडून बघायचा मोह टाळा, कारण बंद केल्यावरही त्यात शेकडो व्होल्टचा साठा राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो. सगळं ठीक वाटलं तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून पांढऱ्या भिंतीचे एकाच सेटिंगवर वीस फोटो काढा आणि ते शेजारीशेजारी ठेवून पाहा. उजेड किंवा रंग वरखाली होत असेल तर सोडून द्या. फ्लॅशची नळी काळवंडलेली असेल, तर ती बदलून मिळते का ते आधी विचारा. आणि तो कॅमेऱ्याला तारेने कधीही जोडू नका: काही जुन्या फ्लॅशच्या सिंकच्या तारेवर दोनशेच्याही वर व्होल्ट असतात आणि त्याने कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. मधे रेडिओ ट्रिगर ठेवा, आणि त्याचा रिसीव्हर तेवढे व्होल्ट सोसतो की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

खोलीची लांबी-रुंदी, छताची उंची आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे ते कळवलंत, तर सॉफ्टबॉक्स कुठे उभा करायचा तेही सांगते.